पाणकराच्या मुलीने लिहिलेलं जहाज

आमच्या घरी दाराआड एक लोखंडी दांडा उभा असायचा. हातभर लांब, एका टोकाला चौकोनी खाच, दुसऱ्या टोकाला आडवी मूठ. गावच्या तलावाचं गेट उघडायचं तर हा दांडा गेटाच्या खुंट्यावर बसवून फिरवावा लागे, आणि असा दांडा अख्ख्या गावात एकच होता. तो सांभाळायचा मान माझ्या बाबांचा. बाबा पाणकर होते. आमच्याकडची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. धान पोटरीवर आलं आणि पावसाने पाठ फिरवली की तलावाचं पाणी सोडावं लागतं. ते एका बांधीतून, म्हणजे धानाच्या एका खाचरातून, दुसऱ्या बांधीत, असं उतरत उतरत शेवटच्या माणसापर्यंत जातं. कुणाची पाळी कधी, हे तलावाची कमिटी ठरवते. पण पाणी सोडायचं, वळवायचं आणि बंद करायचं ते पाणकराने. त्याबद्दल धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, झाली की घरोघरून त्याला धान मिळे. धान फार नसे, पण रस्त्याने जाताना माणसं थांबून बाबांना रामराम करत, आणि त्या रामरामावर आमचं घर ताठ उभं होतं.

गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे आमचं गाव. घर मातीचं, कौलारू, तलावाच्या पाळीपासून, म्हणजे मातीच्या बांधापासून, हाकेच्या अंतरावर. सकाळी माय रात्रीचा पाण्यात घातलेला भात काढायची, त्यावर मीठ, कच्चा कांदा आणि अंबाडीची चटणी. बाबा उभ्याउभ्याच खायचे. पाळीच्या दिवसांत बांधीत अडकलेल्या बारीक मासोळ्या पदरात बांधून माय आणायची आणि लाखोरीच्या डाळीबरोबर ते कालवण दोन दिवस पुरवायची. त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. बाबांचं खाकरणं, मायचं बडबडणं, पहाटे तलावावरच्या सारसांची जोडीने ओरड. आणि सगळ्यांत मोठा आवाज गेटाचा. गंजलेलं गेट वर उचललं जाताना असं किंचाळे की गावाच्या दुसऱ्या टोकाचं लेकरू दचकून उठे. "पानी सुटलं," असं मग जो तो म्हणे. आमच्या गावात पाण्याची बातमी कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला निमित्त आहे. मागच्या हिवाळ्यात गोंदियाच्या एका शाळेने मला भाषणाला बोलावलं. विषय होता, विज्ञानकथांमुळे विद्यार्थ्यांच्या सर्जनशील विचाराला चालना कशी मिळते. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला असंच काही द्यायचं असतं. मी छान बोलले. कल्पनाशक्तीला पंख फुटतात म्हणाले, मुलं प्रश्न विचारायला शिकतात म्हणाले, समोर बसलेल्या मुलांनी सांगितल्यावर टाळ्या वाजवल्या. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, आणि ऑटोत बसून घरी येईपर्यंत मला माझीच चीड येत राहिली. जे बोलले ते खोटं नव्हतं. विज्ञानकथेने विचार करायला शिकवलं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या विचाराने पुढे काय केलं, तेवढं मी सांगितलं नाही.

मी सातवीत होते तेव्हा ढोके सर आमच्या शाळेत आले. वर्धेकडचे, अंगाने काटकुळे, लग्न व्हायचं होतं. गावात भाड्याची खोली मिळणं कठीण, म्हणून दौलतराव पाटलांनी आपल्या बैठकीमागची खोली त्यांना राहायला दिली. सरांबरोबर कपड्यांची एक पिशवी आली आणि जुन्या मासिकांनी भरलेली पत्र्याची पेटी. त्या मासिकांत विज्ञानकथा होत्या. शनिवारी सकाळची शाळा असे. शेवटचा तास सर गोष्टीचा करत. गोष्ट अर्ध्यावर आली की मासिक मिटून मांडीवर ठेवत आणि विचारत, "आता पुढे काय होईल?" त्याला एक अट असे. विज्ञानकथेत एक अशक्य गोष्ट माफ असते, ते म्हणत. तेवढी लेखकाने घेतलेली आहे. आता दुसरी घ्यायची नाही. पुढचं सगळं पहिल्यातून निघालं पाहिजे आणि पटलं पाहिजे. भूत आलं, देव आला, जादू झाली, असं कुणी म्हणालं की सर नुसते मान हलवत आणि त्या पोराला खाली बसवत.

एका गोष्टीत एका गावावरचा सूर्य मावळायचाच थांबतो. पोट्ट्यांना चेव आला. कुणी म्हणालं कोंबडा आरवणार कधी, कुणी म्हणालं धान आठ दिवसांत पिकेल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बाया आल्या. मी उभी राहून म्हणाले, "सर, रोवणाऱ्या बायांची मजुरी दिवसाची राहते. दिवस सरलाच नाई त त्या किती वेळ वाकून राहतीन?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्याकडे वळून माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि बराच वेळ ते स्वतःच वाचत उभे राहिले. तोवर मला कुणीही हुशार म्हटलं नव्हतं. माझ्या शेजारी बसणारी यमू मला कोपराने ढोसून म्हणाली, "तुह्या डोक्यात का भरलं आहे व?" मला त्या दिवशी घरी चालत गेल्याचं आठवत नाही, इतकी मी हवेत होते.

मग पोळ्याच्या आगेमागे जहाजाची गोष्ट आली. आकाशात जाणारं एक जहाज. ते इतक्या लांब निघालं आहे की निघालेल्यांची पणतवंडं तिथे पोहोचतील. बाहेरून काही येणार नाही. जितकं पाणी घेऊन निघाले तितकंच. तेच वापरायचं, तेच गाळून पुन्हा वापरायचं. आणि एक दिवस ध्यानात येतं की टाकीतलं पाणी कमी होत चाललं आहे. इथे सरांनी मासिक मिटलं. म्हणाले, ह्याचं उत्तर तोंडी नको. प्रत्येकाने आपली गोष्ट लिहायची, वेळ पाहिजे तेवढा घ्या. सगळ्यांत चांगली गोष्ट सव्वीस जानेवारीला सगळ्या गावासमोर वाचायची.

मी घरी येऊन पाळीवर जाऊन बसले. समोर तलाव, मागे उतरत गेलेल्या बांध्या, आणि त्या वर्षी आभाळ कोरडं ठक्क. मला वाटलं, आपलं गावही जहाजच आहे. आता बाहेरून पाणी यायचं नाही; जे आहे ते एवढंच. मग जहाजातलं पाणी कुठे जातं हे कळायचं असेल तर आपलं पाणी कुठे जातं ते आधी पाहावं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आज मुलांच्या प्रयोगशाळांत रंगीत डबे आणि तारा असतात; माझ्याकडे एक बांबूची कांडी होती. बोटाबोटावर विळ्याने खाचा केल्या आणि भांडी घासायच्या घाटाशी, दगडांच्या बेचक्यात ती पाण्यात रोवली. रोज सकाळी आणि संध्याकाळी भांडी घासायला जायची तेव्हा खाच पाहायची आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायची. यमूही भांडी घेऊन यायची. तिला त्यात काही रस नव्हता, पण मी वाकून पाहू लागले की ती माझ्या परकराचा घोळ धरून ठेवायची, मी पाण्यात पडू नये म्हणून.

पंधरा दिवसांत कांडी बोलायला लागली. गेट बंद असलेल्या दिवशी उन्हाने पाणी जेमतेम अर्धं बोट उतरे. गेट सुटलेल्या दिवशी दोन-तीन बोटं. हे सरळ होतं. पण नवरात्र बसल्यावर काही रात्री अशा आल्या की संध्याकाळी गेट बंद, कुणाची पाळी नाही, आणि सकाळी पाणी तीन बोटं खाली. पंचमीला तसं झालं. सप्तमीला झालं. अष्टमीला तर चार बोटं. मी बाबांना विचारलं. ते अंगणात बसून बिडी ओढत होते.

"बाबा, आपल्या पाळीले भोक पडलं का?"

"काऊन?"

"रातच्याले पानी उतरते. मी कांडी लावली आहे."

बाबांनी बिडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "खेकडे राहतात पाळीत. त्याहीनं केलं असन." आणि बिडी उचलून, "तुले कोनं सांगलं कांडी लावाले?"

"कोनी नाई. माह्या मनानं लावली."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी मला थांबवलं का नाही, हा प्रश्न मी आयुष्यभर चघळला आहे. एक शब्द बोलले असते, कांडी काढ म्हणाले असते, तर मी काढली असती. मला वाटतं, त्यांना माझा अभिमान वाटला. मोजायला लागलेलं माणूस नुसत्या मोजण्यावर थांबत नाही, हे त्यांना कळलं नाही.

मी गोष्ट लिहायला बसले ती दिवाळीनंतर. खेकडे मला उपयोगाचे नव्हते, जहाजात खेकडे कुठून येणार? भोकही चालेना. जहाजाला भोक पडलं तर पाण्याआधी हवा जाईल आणि सगळे मरतील, हे सरांनीच सांगितलं होतं. पाणी कुणी जास्त पितं म्हणावं, तर चार बोटं पाणी पिणारं पोट कुणाचं? एकेक वाट बंद होत गेली आणि शेवटी एकच उरली. पाणी जिथून जायचं तिथूनच जातं. टाकीच्या दारातून. दाराला चाक आहे, चाकाला दांडा आहे आणि दांडा एकाच माणसाकडे आहे. मग चोर तोच. मी चिमणीसमोर वहीवर वाकून बसले होते आणि हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायले. दोन हातांवर बाबा कांबळं पांघरून निजले होते. दारामागे दांडा होता. मी त्या दोघांकडे पाहिलंही असेल. पण मी जहाजात होते. गोष्टीत गेलेल्या माणसाला घर दिसत नाही, ह्यापलीकडे मला ह्याचा खुलासा आजही देता येत नाही. तेरा वर्षांची पोरगी, तिला सगळं दिसलं आणि समोरचं दिसलं नाही.

पटलं पाहिजे ही सरांची अट, म्हणून मी गोष्टीत खऱ्या खुणा भरल्या. जहाजावर सूर्य नाही, मग लोक दिवस कसे मोजतात? तिथीने. माझ्या जहाजात घट बसत होते, आकाशातही पंचमी, सप्तमी, अष्टमी येत होती, आणि त्या त्या रात्री कांडीवर पाणी किती उतरलं ते मी वहीतून उतरवून घेतलं. चाकाचा आवाज होऊन सगळं जहाज जागं होईल, मग कुणालाच कसं कळलं नाही? ह्यावर मी दोन दिवस विचार केला आणि लिहिलं की पाणकराने चाकाला तेल घातलं. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल. ते मला कुठून सुचलं? त्या मोसमात आमच्या गावचं गेट किंचाळायचं थांबलं होतं, आणि माय महिनाभर कुरकुरत होती की बाटलीतलं तेल जातं कुठे. हे दोन्ही मी ऐकलं होतं. ते माझ्या डोक्यात कुठेतरी शेजारीशेजारी पडून होतं आणि लेखणीतून एकत्र बाहेर आलं. सरांनी गोष्ट वाचली. तिथी पाळणाऱ्या आकाशवीरांवर ते खूप हसले, आणि वहीवर लाल शाईने लिहिलं, उत्कृष्ट.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात सगळं गाव आलं होतं. झेंडावंदन झालं, कवायत झाली, मुरमुरे आणि गुळाचा खडा वाटून झाला. खुर्चीवर पाहुणे म्हणून दौलतराव. शाळेला त्यांनीच जागा दिलेली, त्यामुळे दरवर्षी पाहुणे तेच. बाबा मागे, चिंचेखाली पुरुषांत उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. मी वाचायला लागले. लोक तिथीला हसले, घटाला हसले, कुणी म्हणालं, "आभाळात बी नवरात्र व!" मला जोर चढला. पाणी उतरायला लागलं तसं हसू कमी झालं. पंचमी आली, सप्तमी आली. अष्टमीच्या चार बोटांपाशी पटांगणात फक्त माझाच आवाज होता. मला वाटलं, गोष्ट रंगली. चाकाला टोळीचं तेल घातल्याचं वाचलं तेव्हा दोन-तीन माणसांनी माना वळवून चिंचेकडे पाहिलं. आणि मी शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं, की ज्याच्या हातात दांडा होता, पाणी त्यानेच सोडलं होतं.

टाळ्या झाल्या नाहीत. सोमाकाका उभे राहिले. त्यांच्या दोन बांध्या पाण्याच्या वाटेवर अगदी शेवटी. नवमीला त्यांची पाळी होती, आणि नवमीला त्यांच्या बांधीच्या धुऱ्यापर्यंत पाणी आलंच नव्हतं. हिरवं धान उभं वाळलं होतं, ते त्यांनी बैलांना कापून घातलं.

"पोरी," ते म्हणाले, "हे अष्टमीचं तुह्या मनातलं आहे का पाह्यलेलं?"

मला वाटलं, त्यांना माझी मेहनत पटत नाही आहे. "पाह्यलेलं आहे," मी म्हणाले. "घाटावर कांडी लावली होती. वहीत सगळं लिहिलं आहे."

तेव्हा सगळं पटांगण चिंचेकडे वळलं. तेव्हा मीही वळले. बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या गोष्टीतला पाणकर कोण, ते मला कळलं.

पहिली टाळी दौलतरावांनी वाजवली. "पोट्टी हुशार आहे," ते म्हणाले. मला जवळ बोलावून त्यांनी बक्षिसाचा कंपास माझ्या हातात दिला, पाठ थोपटली आणि लोकांकडे पाहून म्हणाले, "बाकीचं आज दुपारी पंचायतीच्या ओट्यावर पाहू." गेटापासून पहिल्या आठ बांध्या त्यांच्या. त्या वर्षी अख्ख्या शिवारात भरून पिकल्या त्या तेवढ्याच.

दुपारी मी आणि यमू पंचायतीच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या होतो. ओट्यावरचं सगळं ऐकू येत होतं. सोमाकाका म्हणाले, "अष्टमीले गेट उघडलं का नाई, तेवढं सांग."

"उघडलं," बाबा म्हणाले.

"कोनासाठी?"

भिंतीवरून एक सरडा गेला, तो मी पाहत राहिले. कोणाच्या बांध्या हिरव्या होत्या हे ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सोमाकाकांनाही ठाऊक होतं. पण नांगरटीला त्यांना बैलजोडी मिळायची ती दौलतरावांच्या गोठ्यातून. मग दौलतरावच बोलले, मोठ्या मायेने. "जाऊ द्या. मानूस आहे, चुकते. लेकराबाळाचा धनी. पोलिसात कायले द्यावं? दांडा काढून घ्या, झालं." सगळ्यांना बरं वाटलं. चोराने न्याय केला आणि वर दयाही दाखवली, आणि गावाने ती दया जीव भांड्यात पडल्यासारखी घेतली. दांडा यमूच्या बापाला मिळाला. किसनभाऊ त्यांचं नाव. गरीब, अबोल माणूस. यमूने माझा हात सोडला आणि ती घरी गेली.

त्या संध्याकाळी आमच्याकडे चूल उशिरा पेटली. माय बाबांना एकच विचारत होती. "नाव काऊन नाई घेतलं त्याचं? तोंड शिवलं होतं का?"

"घेऊन का झालं असतं?"

"लोकाईले समजलं असतं."

"लोकाईले समजते," बाबा म्हणाले. "समजत नाई म्हनून थोडीच गप्प आहेत."

मग मला सगळं कळलं, तुकड्यातुकड्याने, मायच्या तोंडून. पाणकर कोणाला करायचं हे कमिटीत दौलतरावच ठरवत. बाबांना दांडा दिला तेव्हाच ते म्हणाले होते, कोरडं साल आलं तर रात्री आमच्याकडे थोडं वळवजो. बाबांना त्याचा एक दाणा मिळाला नाही. मिळाला तो फक्त दांडा, आणि गावाचा रामराम. मी कोपऱ्यात बसले होते. कंपास दप्तरात होता, त्याचा पत्रा मला कापडातून टोचत होता. बाबा मला मारतील असं वाटत होतं, मारावं असंही वाटत होतं. त्यांनी मला जवळ बसवलं आणि ताटातला भात कालवता कालवता म्हणाले, "गोष्ट चांगली लिहिली तुनं. पन तो मानूस काऊन पानी सोडते, ते नाई लिहिलं."

पाणी कुठून गेलं हे मी शोधलं, कधी गेलं हे शोधलं, आवाज का झाला नाही हेही शोधलं. दांडा धरणाऱ्या हातामागे दुसरा हात असू शकतो, हे मला सुचलंच नाही. माझ्या भाषणात मी ज्या सर्जनशीलतेचे गोडवे गायले ती ही. ती हुशार असते, आणि मूर्खही असते.

ढोके सर दोन दिवसांनी भेटले. शाळेच्या व्हरांड्यात मी त्यांना विचारलं, "सर, तुम्ही आधी वाचली होती ना?" ते म्हणाले, "शकुन, मला वाटलं गोष्ट आहे." त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दौलतरावांच्या बांध्या दिसत. नवरात्रात त्या बांध्यांत पाणी चमकताना त्यांनी रोज सकाळी पाहिलं असणार. एक अशक्य गोष्ट सोडली तर बाकी सगळं पहिल्यातून निघालं पाहिजे, हे शिकवणाऱ्या माणसाला एवढं निघालं नाही? की निघालं होतं, आणि खोली गमवायची नव्हती? मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण चांगलंही म्हणणार नाही, मग त्यांच्यामुळे मी विज्ञानाची शिक्षिका झाले असले तरी.

बाबा गावात राहिले नाहीत. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये पोती उचलायला गेले. गोंदियाजवळच्या मुर्रीला माझ्या मावशीच्या घरी निजत, महिन्या-दोन महिन्यांनी येत. येताना भुशाची धूळ छातीत घेऊन येत. खाकरणं होतं त्याचा खोकला झाला. गावात आले की तोंड चुकवून पाळीमागच्या वाटेने घरी येत. रामराम कुणी केला नाही, आणि त्यांनीही कुणाला केला नाही. पुढे त्याच खोकल्याने गेले. डॉक्टरांनी कारण भुसा सांगितलं. मला माझं कारण ठाऊक आहे.

पुढच्या वर्षीही पावसाने तशीच पाठ फिरवली. मी कांडी पुन्हा का लावली, सांगता येत नाही. हाताला सवय झाली होती, किंवा मला बघायचंच होतं. वहीत मात्र लिहीत नव्हते. घट बसले. चौथ्या माळेच्या सकाळी मी भांडी घेऊन घाटावर गेले आणि पाहिलं. संध्याकाळी गेट बंद होतं. रात्री कुणाची पाळी नव्हती. पाणी तीन बोटं खाली गेलं होतं.

यमू आधीच येऊन बसली होती. वर्षभरात आम्ही फारशा बोललो नव्हतो. ती राखेने भाताचा गंज घासत होती आणि मी वाकले तेव्हा या खेपेला तिने माझ्या परकराचा घोळ धरला नाही. तिचा हात घासायचा थांबला. माझ्याकडे न पाहताच तिने विचारलं, "का सांगून राह्यली तुही कांडी?"

मी तिच्या हाताकडे पाहिलं. घट्ट आवळलेली मूठ, बोटांच्या फटीतून गळणारी काळी राख. तिला ठाऊक होतं. तिच्या घरातही तेलाची बाटली असणार.

"काई नाई," मी म्हणाले. "पानी बरोबर आहे."

कांडी उपटून मी पाण्यात सोडून दिली आणि भांडी घासायला बसले. आम्ही दोघी एकमेकींना राख देत होतो, जशा आधी देत होतो. किसनभाऊ पुढे बरीच वर्षं पाणकर राहिले आणि गाव त्यांना रामराम करत राहिलं. सोमाकाकांच्या दोन बांध्या त्याही साली उभ्या वाळल्या, आणि त्या का वाळल्या हे या खेपेला मला आधीपासून माहीत होतं.